बाथरूमच्या पडद्याचं लंकाकांड

"मला रिकामी बसवू नका गं पोरी. मोकळं ढोर आणि रिकामी म्हातारी, कुठं जातील त्याचा नेम नाय."

गंगूआजीने हा इशारा दिला तो विमानतळावर, तपासणीच्या रांगेत. तेव्हा मैत्रेयी एका हाताने सईचे बूट काढत होती आणि दुसऱ्या हाताने सईला धरून ठेवत होती, कारण चार वर्षांच्या पोरीला बूट निघाला की पळायचा परवाना मिळतो. "आजी, आयुष्यभर राबलात ना? आता फक्त आराम करायचा. समुद्र बघायचा," असं म्हणून तिने तो इशारा त्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये पट्टे, मोबाइल, बूट यांच्याबरोबर ठेवला आणि पुढे ढकलला. पलीकडे पट्टे मिळाले, मोबाइल मिळाला, बूटही मिळाले. इशारा राहिला तो राहिलाच.

गंगूआजी म्हणजे मैत्रेयीच्या सासऱ्यांची आई. आणि सासरे म्हणजे बाळाजीराव. त्यांची ओळख दुसऱ्या कुणी करून दिलेली त्यांना खपत नाही, म्हणून ती त्यांच्याच शब्दांत: "देवाने माणसाला नाक श्वास घ्यायला दिलं. मला दिलं ते वास काढायला. मी खोलीत शिरलो की खोली मला सगळं सांगते. भिंतींना कान असतात म्हणतात, पण आमच्या बदलापूरच्या बेलवलीतल्या भिंतींना माझ्यापुढे तोंडही फुटतं."

अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यात ते सिक्युरिटी इन्चार्ज होते. सुटणाऱ्या पाळीतल्या कामगारांचे डबे गेटवर उघडून बघणं हे त्यांचं काम. एवढ्या वर्षांत त्या डब्यांत त्यांना पोळीच्या तुकड्यापलीकडे काही सापडलं नाही, आणि याचा अर्थ चोर आपल्याला टरकून होते असा त्यांनी लावला. निवृत्त झाल्यावर उल्हासनगर कॅम्प चारमधून त्यांनी कार्डं छापून आणली: 'बाळाजीराव. खाजगी शोध, सल्ला व संशय.' त्याच फेरीत एक भिंगही घेतलं. "साईं, जर्मन माल है, आँख बंद करके ले जाओ," असं तिथला सिंधी दुकानदार म्हणाला आणि बाळाजीरावांनी शब्दशः तसंच केलं. भिंगाच्या मधोमध हवेचा बुडबुडा होता. त्यामुळे जगातल्या प्रत्येक पुराव्यावर त्यांना एक थेंब दिसायचा.

त्यांचा गाजलेला शोध म्हणजे शिवमंदिराच्या जत्रेतल्या चपलेचा. आपली चोरीला गेलेली चप्पल त्यांनी एका फुलवाल्याच्या पायांत ओळखली, भर गर्दीत उतरवून घेतली आणि विजयी मुद्रेने घरी आणली. दारात त्यांचीच चप्पल पडलेली होती. त्या दिवशी ते नवस फेडायला अनवाणी गेले होते. फुलवाल्याची चप्पल परत करायला सासूबाई, म्हणजे उमाताई, गेल्या. बाळाजीराव गेले नाहीत. गुन्ह्याच्या जागी परत जातो तो गुन्हेगार, असं त्यांचं म्हणणं.

तर या बाळाजीरावांनी जाहीर केलं की आईला मरायच्या आधी एकदा विमानात बसवायचं. आईला कुणी विचारलं नव्हतं. तिचा इतक्यात मरायचाही विचार नव्हता. तरी माघ महिन्यात सगळं कुटुंब श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टमध्ये जाऊन पडलं. महाशिवरात्र तिकडेच येणार म्हणून उमाताईंनी उपासाला पुरून उरेल एवढा साबुदाणा बॅगेत भरला होता. मैत्रेयीचा नवरा अनीश याने लॅपटॉप घेतला होता. तो सुट्टीवर होता, म्हणजे ऑफिसची मीटिंग तो हाफ पँटीत करत होता.

आणि मैत्रेयी सुट्टीवर होती म्हणजे तिने सईवर टोपी, गॉगल, क्रीम, दंडांत फुगे आणि गळ्यात शिट्टी एवढं चढवलं होतं. पोरगी पोहायला निघाली की युद्धाला, हे लांबून कळत नसे. माशी बसली तर कुठल्या पायावर बसली हे मैत्रेयी सांगू शकली असती. तिची नजर घारीची होती, फक्त घार एकाच पिल्लाभोवती फिरत होती.

गंगूआजीला लॉबीतल्या वेताच्या खुर्चीत बसवण्यात आलं होतं. नऊवारीचा पदर डोक्यावर, गुडघ्यांत काठी, पुढ्यात कागदी छत्री खोचलेलं सरबत. समोर वाळूत गोरी मंडळी तेल माखून आडवी पडलेली.

"ही माणसं अशी का पडलीत गं?" आजीने विचारलं.

"ऊन खातायत, आजी."

"मग एकाच अंगावर का? कुणी उलथवत पण नाय त्यांना." मग कपाळावर आडवा हात धरून तिने आभाळाकडे पाहिलं. "आपल्याकडं चैतात पडतं तसं कडकडीत ऊन. आणि सगळं फुकट चाललंय."

"हो ना. बसा हं, मी आलेच," असं म्हणून मैत्रेयी सईला घेऊन पोहायच्या तलावावर गेली.

'मी आलेच' हे मराठीतलं अत्यंत लवचिक वाक्य आहे. ते ताणलं तर नाश्त्यापासून जेवणापर्यंत पुरतं. मैत्रेयी परत आली तेव्हा सरबतातला बर्फ विरघळून गेला होता, छत्री कलंडली होती आणि खुर्ची रिकामी होती.

आजी खोलीत नव्हती. जेवणघरात नव्हती. बायकांच्या बाथरूममध्ये नव्हती. तिला बीपीचा त्रास, मोबाइल तिच्याकडे नाही, मराठीखेरीज भाषा येत नाही आणि समोर एवढा मोठा समुद्र. मैत्रेयीने सईला उचलून घट्ट धरलं. बाळाजीरावांच्या डोळ्यांत मात्र चमक आली.

"कुणी कशाला हात लावू नका!" असं ओरडत ते खोलीत शिरले आणि त्यांनी सगळ्याला हात लावला. आजी, उमाताई आणि ते स्वतः याच खोलीत राहत होते, रिसॉर्टच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर. "निरीक्षण एक. चहाची केटल गायब. म्हणजे आईला चहातून गुंगीचं औषध दिलं आणि पुरावा पळवला."

"आजी चहा बशीतून पितात, बाबा. बशी इथेच आहे," मैत्रेयी म्हणाली.

"म्हणूनच तर बशी ठेवली! दिशाभूल! निरीक्षण दोन. काठी गायब. याचा अर्थ ती पायांनी चालत गेली. किंवा नेणारा लंगडा होता."

"अहो, मी काय म्हणते," उमाताई बॅगेत वाकून म्हणाल्या, "माझी ती पिशवी पण—"

"पिशव्या नंतर, उमा! इथे माणूस हरवलंय!" ते बाथरूममध्ये गेले आणि आतून त्यांचा आवाज घुमला. "निरीक्षण तीन! शॉवरचा पडदा!"

"काय झालं त्याला?"

"नाहीये."

ते बाहेर आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "प्लास्टिकचा पडदा माणूस कशाला नेतो, अनीश? मी पुष्कळ वाचलंय. मृतदेह गुंडाळायला."

अनीश म्हणाला, "बाबा, प्लीज!" आणि मग लॅपटॉपला म्हणाला, "नो नो, नॉट यू, सर."

तेवढ्यात कुठूनतरी आवाज आला. ठक. ठक. ठक.

बाळाजीरावांनी बोट वर केलं, डोळे मिटले, कान टवकारले. त्या क्षणी त्यांनी बोटाच्या दिशेला नुसतं बघितलं असतं तरी पुरलं असतं. "एसीचा कॉम्प्रेसर," ते म्हणाले. "बेअरिंग गेलंय. कारखान्यात असले मी खूप ऐकलेत."

"काय ऊन आहे हो पण इथे!" उमाताई खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या. "घरी असतं तर—"

"हवामान खातं बंद कर, उमा."

मैत्रेयीने मन घट्ट केलं. "बाबा, आपण रिसेप्शनवर सांगूया. ते शोधतील."

"संशयितालाच फिर्याद द्यायची? अगं, कुठल्या देशात आलोय आपण? लंका! बाई पळवण्याची इथे परंपराच आहे!"

ज्या देशातल्या पोरांनी तीन दिवस आजीला हाताला धरून पायऱ्या चढवल्या, त्याच देशाबद्दल त्या आजीचा मुलगा हे बोलत होता. तोही फुकटच्या नाश्त्यातले तीन डोसे खाऊन. मैत्रेयीकडे एमएची पदवी होती. सासऱ्यांपुढे तिचा उपयोग पंख्यासारखा हलवायला झाला असता. मग ती सरळ खाली गेली.

रिसेप्शनवरच्या मुलीने शांतपणे ऐकून घेतलं, फोन उचलला आणि हिंदीत विचारलं, "दादीने कौन से रंग की साडी पहनी है, मॅडम?"

मैत्रेयीने तोंड उघडलं. सईच्या पोहायच्या कपड्यांवर किती शिंपले आहेत, कुठल्या शिंपल्याचा टाका उसवलाय, कुठल्या कानामागे क्रीम नीट लागलेलं नाही, हे सगळं तिला ठाऊक होतं. आजीचं लुगडं हिरवं होतं की जांभळं? सकाळी तिने स्वतः आजीच्या निऱ्या सारख्या करून दिल्या होत्या. रंग आठवेना.

"नऊवारी," ती शेवटी म्हणाली. ती मुलगी काय समजायचं ते समजली आणि तिने दोन जीवरक्षकांना पाण्याच्या कडेकडेने चालत जायला पाठवलं. ते एकमेकांशी न बोलता, पाण्यात बघत चालत होते. मैत्रेयीला ते बघवेना.

ती परत वर आली तेव्हा बाळाजीराव लिफ्टपाशी गुडघ्यांवर बसले होते. फरशीवर पांढरट, चिकट असा एक डाग पडला होता. त्यांनी भिंग लावलं. "द्रव आहे. त्यात एक थेंब आहे. आणि एक काळा कण. मैत्रेयी, मागे हो. ही स्फोटकं आहेत."

उमाताईंनी वाकून बोट लावलं, वास घेतला. "जिरं आहे हो."

"तू स्फोटकांना हात लावलास?"

"जिरं आहे म्हणते मी. आणि हे चिकट म्हणजे—"

"उमा, तुझं सगळं जग स्वयंपाकघरात संपतं," बाळाजीराव उभे राहत म्हणाले. उमाताईंनी बोट पदराला पुसलं आणि लग्न झाल्यापासून बंद करत आल्या होत्या तसं तोंड बंद केलं.

मग निघाली शेवटची आणि सगळ्यात भयानक थिअरी. शेजारच्या खोलीत एक म्हातारा जर्मन राहत होता. रोज सकाळी तो आजीला हात जोडून नमस्कार करायचा आणि आजीने त्याला डिंकाचा लाडू दिला होता. लाडू खाऊन त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. दातही हलला असेल.

"माझ्या डोळ्यांदेखत!" बाळाजीराव कोसळत्या आवाजात म्हणाले. "प्रेमप्रकरण!"

"बाबा, आजी पंच्याऐंशी वर्षांच्या आहेत."

"त्याचंही वय तेवढंच असेल! जोडा शोभतोय! पडदा घेतला तंबू ठोकायला. केटल घेतली संसाराला. सगळं जुळतंय!" आईचा मृतदेह पडद्यातून काढून त्यांनी तिला बोहल्यावर चढवली होती. दोन्ही गोष्टींचं त्यांना सारखंच दुःख होतं, कारण दोन्हींत त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

जर्मन वाळूतल्या खाटेवर पालथा पडला होता. बाळाजीराव रांगत रांगत त्याच्यापर्यंत पोचले. कमरेखाली त्याने टॉवेल पांघरला होता. 'आईच्या लुगड्याचा धागा सापडतो का बघतो,' अशी खूण त्यांनी हाताने केली, टॉवेलवर भिंग धरलं आणि निरीक्षणात गढून गेले. सूर्य डोक्यावर होता. भिंगाला बुडबुडा होता तरी काच ती काच. निरीक्षण लांबलं. टॉवेलमधून आधी धुराची एक बारीक रेघ निघाली.

"धूर!" बाळाजीराव आनंदाने पुटपुटले. "म्हणजे इथे आग—"

त्यापुढचं वाक्य जर्मनने पूर्ण केलं. त्याच्या भाषेत, उभ्या उभ्या, टॉवेलशिवाय. समुद्रकिनाऱ्यावर एकच धावपळ उडाली. मैत्रेयीने सईचे डोळे झाकले. कुणीतरी सरबताचा जग टॉवेलवर ओतला. जर्मनला भाजलं नव्हतं, पण लाडवाने जोडलेले दोन देशांचे संबंध त्या दिवशी तुटले ते तुटलेच.

त्या गोंधळात उमाताई जळक्या टॉवेलकडे बघत कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. मग त्या बोलल्या. नेहमीच्याच आवाजात, पण या वेळी 'अहो' न म्हणता.

"सकाळपासून मी तेच सांगतेय. एवढं ऊन पडलंय की टॉवेल पेटला. माझी साबुदाण्याची पिशवी बॅगेत नाही. शिजवायला केटल गेली. पसरायला प्लास्टिकचा पडदा गेला. कावळे हाकायला काठी गेली. लिफ्टपाशी शिजलेल्या साबुदाण्याची खळ सांडली, तिच्यात जिरं. असल्या उन्हात सासूबाई कुठे असतात, हे बेलवलीतलं शेंबडं पोरही सांगेल."

"कुठे?" बाळाजीरावांनी विचारलं.

उमाताईंनी नुसतं वर बघितलं. गच्चीकडे.

मैत्रेयी धावत सुटली होती. जिना चढताना तिला तो आवाज पुन्हा ऐकू आला. ठक. मग बराच वेळ काही नाही. मग ठक. गच्चीचं लोखंडी दार आतूनच उघडणारं होतं. बाहेर गेलं की मागे आपोआप बंद, आणि बाहेरच्या बाजूला उघडायला मूठही नाही. म्हातारी पलीकडून काठी आपटत होती आणि अलीकडे तिचा मुलगा बेअरिंगचं निदान करत होता.

दार उघडलं तशी उन्हाची झळ तोंडावर आली. गच्चीच्या मधोमध शॉवरचा पडदा अंथरलेला, चार कोपऱ्यांवर कुंड्या ठेवलेल्या. त्यावर साबुदाण्याच्या पापड्या, गोल, एकसारख्या, ओळीने. अर्ध्याअधिक वाळून कडेने उचललेल्या. काठावर केटल. आणि पाण्याच्या टाकीच्या सावलीच्या निरुंद पट्टीत, भिंतीला चिकटून, पाय पोटाशी घेऊन गंगूआजी बसली होती. ओठांना कोरड पडलेली. लुगडं जांभळं होतं.

तिने मैत्रेयीकडे पाहिलं. रागाने नाही, नुसतंच.

"आलीस? आलेच म्हणालेलीस."

सईसाठी काखेत अडकवलेली पाण्याची बाटली, जी तीन दिवसांत सईशिवाय कुणाला दिली नव्हती, ती मैत्रेयीने आजीच्या तोंडाला लावली. आजीने घोट घोट करत सगळं पाणी संपवलं आणि पदराने तोंड पुसलं.

"दार बंद झालं मागं. ठोकून ठोकून हात दुखले. मग म्हटलं, येतील. जेवायला बोलवायला तरी येतील. सावली सरकली तशी मी सरकले." मग तिचा चेहरा जरा उजळला. "पण ऊन बघ! बदलापुरात दोन दिवस लागले असते. गावात लोकं विचारतील, गंगू, सोन्याच्या लंकेतून काय आणलंस? सांगेन, लंकेचं ऊन आणलं."

"आजी, मला सांगायचं ना. मी आले असते बरोबर."

"सांगितलं होतं की. विमानाच्या रांगेत."

मागून धापा टाकत बाळाजीराव आले. त्यांनी आईकडे बघितलं, मग पडद्याकडे, मग वाकून एका पापडीला भिंग लावलं.

"थेंब आहे," ते म्हणाले. "अजून ओली आहे."

"बाळ्या," आजी म्हणाली, "बाजूला हो. सावली पडतीय तिच्यावर."

रिसॉर्टच्या डॉक्टरने आजीला मीठसाखरेचं पाणी दिलं, बीपी बघितलं आणि घरच्यांना इंग्रजीत जे सुनावलं त्याचं भाषांतर अनीशने मुद्दामच केलं नाही. पडदा धुऊन परत टांगला गेला. आजी बरी आहे.

आता घरी बेलवलीत येणाऱ्याजाणाऱ्यांना त्या पापड्या तळून मिळतात. फुलतातही अशा की बघत राहावं. आणि बशी हातात पडली की बाळाजीरावांचं कीर्तन सुरू होतं. त्यांच्या आवृत्तीत जर्मनचा टॉवेल त्यांनी ठरवून पेटवलेला असतो, 'उन्हाची तीव्रता सिद्ध करण्यासाठी'. ठक-ठक आवाज सर्वांत आधी त्यांनीच टिपलेला असतो. "पडदा सापडला की माणूस सापडेल, हे मी पहिल्या मिनिटाला बोललो होतो. विचारा उमाला!" आणि उमाला कुणी विचारत नाही.

परवा दुपारीही हेच चाललं होतं. शेजारच्या बनूबाई आल्या होत्या. कथा रंगात आली होती, बाळाजीराव खुर्चीवर उभे राहून लंकेत शिरत होते, सगळे हसत होते. बनूबाईंनी दुसरी पापडी मोडली आणि सहज म्हणाल्या, "झकास झाल्यात. पण म्हातारी कुठं दिसत नाही ती?"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. अनीशने उमाताईंकडे, उमाताईंनी स्वयंपाकघराकडे. बाळाजीरावांनी बोट वर केलं, डोळे मिटले आणि खिशातून भिंग काढलं. बाहेर चैत्राचं ऊन रणरणत होतं.

मैत्रेयी त्यांच्या निष्कर्षाला थांबली नाही. तांब्या भरून घेतला आणि गच्चीचा जिना चढू लागली. आपल्या आजीला ती बघेल. तिची तुम्हाला एवढीच विनंती आहे, की हे वाचून हसून झालं असेल तर आता उठा. तुमच्या घरातली म्हातारी या घटकेला कुठे आहे, तिने कुठल्या रंगाचं नेसलंय, हे तुम्हाला सांगता येतंय का? नसेल, तर वर जाऊन बघून या. आणि दार तुमच्यामागे बंद होणार नाही, एवढं बघा.